खांद्यावरची मोजणी

सपनाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. सपना म्हणजे रामजीची धाकटी लेक. तिचं लग्न मे महिन्यात लागलं आणि त्याच महिन्याच्या एक तारखेला हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाली. त्यामुळे जिल्हा कधी झाला असं कुणी विचारलं, तर रामजीची बायको सोजराबाई सन कधी सांगायची नाही. "आमची सपी उजवली तवा," एवढंच म्हणायची. सन होतं १९९९.

उन्हाळा असा, की हट्ट्याच्या बौद्धवाड्यातला हापसा दहा वेळा हापसावा तेव्हा एकदा थुंकायचा. लग्नाला तीनशे माणूस येणार होतं. आदल्या दिवशी सकाळी डोंगरकड्याहून उकंडरावांचा ट्रॅक्टर आला. मागं पाण्याची टाकी, आणि टाकीवर स्वतः उकंडराव. तीस एकरांचा धनी, पण नवरदेव घोड्यावर बसावा तसा टाकीवर बसलेला.

"रामजी, नवरदेवाच्या आधी आमीच आलो बघा!"

"आता म्हाताऱ्याची वरात कुठं उतरवू?" सोजराबाई घागर काखेत घेऊन म्हणाली. "शकुबाई वहिनीला सांगितलं का, दुसरं लग्न करून राहिलो म्हणून?"

"तिनंच टाकी भरून धाडलं. म्हणली, जा एकदाचा."

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, लग्न लागलं, पंगती बसल्या. उकंडरावांनी धोतराचा सोगा खोचला आणि वरणाची बादली उचलली. डोंगरकड्याचे त्यांचे दोन भाऊबंद आले होते. ते नुसतं सुपारीचं खांड घेऊन, काम आहे म्हणून निघून गेले. पाहिलं सगळ्यांनी. उकंडराव शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले आणि मग रामजीच्या मेहुण्यांच्या मांडीला मांडी लावून जेवले.

सपना सासरी गेली. मांडव रिकामा झाला. बाजेवर तिघं उरले: रामजी, उकंडराव आणि तातेराव मास्तर.

मास्तर म्हणजे रयत कष्टकरी पक्षाचे अध्यक्ष. पक्ष त्यांनीच काढलेला. मराठवाड्यातल्या पाच जिल्ह्यांत तो पसरलेला होता, पण फार पातळ पसरलेला. एकदा एक आमदार निवडून आला, तोही वर्षभरात दुसरीकडे गेला. झेडपीत दोघं-तिघं, पंचायत समितीत पाच-सहा. तरी पण रोजगार हमीच्या कामावर मजुरी अडली की लोक आधी मास्तरांकडं यायचे, मग देवाकडं जायचे. आता मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते आणि ऐकायला कमी येत होतं.

"माझ्यानं होत न्हाई आता," मास्तर म्हणाले. "हळद निघाली की अधिवेशन बोलवा. नवा माणूस निवडा."

सव्वीस वर्षं उकंडराव मास्तरांच्या मागं सावलीसारखे होते. मोर्चात, जेलात, उपोषणाच्या मांडवात. त्यांना साखर होती, छातीतही दुखायचं, हे रामजीला माहीत होतं. पुढची संधी मिळेल न मिळेल. आणि पुढं येऊन 'मला करा' म्हणणारा तो माणूस नव्हता.

रामजीचं मन लेकीच्या वाटेनं गेलेलं, डोळे ओले. तो म्हणाला, "मास्तरच्या मागं तुमीच, उकंडराव. माझा खांदा तुमच्या लिंबाखाली. हा शबुद समजा."

लिंबाखाली खांदा म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे.

पक्षाचं पहिलं अधिवेशन ७३ साली, दुष्काळातल्या खडीकामावर झालं होतं. लिहिता येणारी माणसं मोजकी. मग मत कसं द्यायचं? मास्तरांनी कडुलिंबाची दोन झाडं दाखवली. एक माणूस या लिंबाखाली उभा राहील, दुसरा त्या. ज्याला जो पाहिजे त्याच्या मागं जाऊन उभं राहायचं. मोजायचं काम मास्तरांनी एकतीस वर्षांच्या रामजीला दिलं, आणि मोजायची रीतही सांगितली. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजायचं. खांद्याला हात लागला तर मत, नाही तर नाही.

रामजी कोण, कुठल्या वस्तीतला, हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनी तो मुद्दामच निवडला होता.

लोक चुळबुळले. एक जण मागं सरकला. "लांबून मोज की. आमी काय पळून चाललो?"

मास्तर म्हणाले, "लांबून मोजलेलं माणूस लांबच राहतं. त्याची या पक्षात गरज न्हाई."

तिघं उठून गेले. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत राहिले. रामजीचा हात तेव्हा हवेतच होता, आणि त्याला वाटत होतं की हा हात आता कापून टाकला तर बरं. तेवढ्यात पांढरंशुभ्र धोतर नेसलेला एक तरणाबांड पाटील पुढं आला, लिंबाखाली उभा राहिला आणि त्यानं उजवा खांदा पुढं केला.

"मोज."

"एक," रामजी म्हणाला.

ते उकंडराव. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'तुमी' म्हणायला लागले. डोंगरकड्यात लोक हसायचे. शेतमालक मजुराला 'तुमी' म्हणतो!

तेव्हापासून दर अधिवेशनाला दोन लिंबं आणि रामजीचा हात. मोजणारा स्वतः सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहायचा आणि आपलाच हात आपल्या खांद्यावर ठेवून शेवटचा आकडा म्हणायचा. मास्तरांचे आणखी दोन नियम होते. मतं सारखी झाली तर वयानं लहान असेल तो निवडून आला. आणि जो हरला त्यानं सगळ्यांना वाढायचं. जिंकणारा शेवटच्या पंगतीला.

सुरुवातीला रामजी चिंचोक्यांवर मोजायचा. एक खांदा, एक चिंचोका, या खिशातून त्या खिशात. मग चाळिशीला आल्यावर तो अक्षरं शिकला. शिकवलं थोरल्या पोरानं, रविंद्रनं. रविंद्र आठवीत होता. दुपारच्या सुट्टीत तो भाकरी घेऊन शेतात यायचा आणि बांधावर बाप-लेक पाटी घेऊन बसायचे. रामजीची रेघ सरळ यायची, पण गोल काही जमत नसे. 'ठ' काढला की गोलाला खालून फट राहायची.

"बाबा, तोंड मिटवा त्याचं. हे तर बैलाच्या नालेवाणी दिसून राहिलं."

"नाल तर नाल. वाचता येतं न्हवं?"

पुढं रविंद्र वकील झाला. हिंगोलीत कोर्टासमोर पत्र्याच्या खोलीत बसायचा. मजुरांच्या केसेस घ्यायचा. कुणी फीऐवजी तुरीची डाळ दिली तर तीही घ्यायचा.

आणि सपनाच्या लग्नानंतर, दिवाळीच्या आधी एका रविवारी तो हट्ट्याला आला, आईच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "बाबा, मी अध्यक्षपदाला उभा राहतोय."

रामजीचा पेला ओठापाशीच थांबला.

"उकंडराव काकांबद्दल मनात काही न्हाई माझ्या," रविंद्र म्हणाला. "पण पोरं म्हणतात, पक्ष म्हातारा झाला. मलाही तसंच वाटतं. अन् दुसरं एक. ही हात लावून मोजायची रीत बंद करायला पाहिजे. चिठ्ठी पाहिजे. गुप्त."

"काहून? माझा हात आता तुला नको झाला?"

"तसं न्हाई, बाबा. तुमच्या हातानं जे केलं ते माझ्या चार डिग्र्यांनी होणार न्हाई. पण आता बघा. तो थावरा, काकांकडं सालानं राहतो. काका एका लिंबाखाली उभे अन् थावरा दुसऱ्या लिंबाखाली, असं कधी झालंय का? होईल का?"

"उकंडराव तसा माणूस न्हाई."

"ते तुमाला माहीत. थावराला माहीत हाय का?"

रामजी उठून बाहेर गेला. अंगणात येऊन उभा राहिला. मागून सोजराबाई आली.

"शबुद देऊन बसलात तवा मला इचारलं व्हतं का?"

"तवा हा उभा राहणार हे कुणाला ठाऊक व्हतं?"

"आता काय करता मग?"

"माहीत न्हाई."

"अर्धा खांदा इकडं, अर्धा तिकडं," ती म्हणाली आणि हसली, पण हसणं तोंडातच राहिलं. "मित्राला दिलेला शबुद फिरवला तर तोंड दाखवायची सोय न्हाई. लेकाला पाडलं तर मी हाय घरात, ध्यानात ठेवा."

मग तीन महिने दोघं उमेदवार गावोगाव फिरले. रविंद्र हिरो होंडावर, मागं कुणीतरी पोरगं झेंडा धरून. उकंडराव जुन्या राजदूतवर. ती दर दोन गावांनी बंद पडायची. एकदा कुरुंद्याच्या रस्त्यावर राजदूत बसली ती बसलीच. मागून रविंद्र आला, त्यानं प्लग काढून पुसला, गाडी चालू करून दिली. उकंडराव म्हणाले, "वकीलसाहेब, विरोधकाची गाडी ढकलून देतो तो राजकारणात टिकत न्हाई." रविंद्र म्हणाला, "काका, तुमची गाडी बंद पडली तर मी हरवू कुणाला?" हा किस्सा पाच जिल्ह्यांत गेला. दोघांनाही मतं त्यानंच मिळाली असतील.

रामजी दोन्हीकडं गेला नाही. तो एसटीनं फिरून सभासदांची यादी करत राहिला, रजिस्टर काखेत धरून. उकंडराव भेटले की पिकाचं बोलायचे, पावसाचं बोलायचे, जावयाची चौकशी करायचे. शब्दाची आठवण त्यांनी एकदाही दिली नाही. रामजीला वाटे, दिली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

अधिवेशन दोन हजार सालच्या फेब्रुवारी अखेरीला वसमतला भरलं, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. आवारात कुणा व्यापाऱ्यानं हळदीच्या पोत्यांची थप्पी लावली होती. साऱ्या गावात शिजलेल्या हळदीचा वास होता. लिंबं दोनच होती, पानं झडत होती, खाली पिवळा सडा. चूल पेटली होती. वांग्याची भाजी, वरण, भात आणि शिरा.

मतदार सत्त्याऐंशी. शहाऐंशी आणि रामजी.

मास्तरांनी काठी वर केली. लोक आपापल्या लिंबाखाली गेले. पाय फरफटत कुणी, झपझप कुणी. रामजी उकंडरावांच्या लिंबापासून सुरू झाला. रिवाजाप्रमाणे उकंडराव पहिले. त्यांनी खांदा पुढं केला.

"एक."

सत्तावीस वर्षांत रामजीला खांदे ओळखू यायला लागले होते. नांगर धरणाऱ्याचा उजवा खांदा जरा खाली असतो. पोती उचलणाऱ्याच्या खांद्याला घट्टा असतो. शाळामास्तरचा खांदा बारीक, हाडाला लागूनच कापड. आणि हात ठेवला की माणूस मनानं तिथं उभा आहे का नाही, तेही हाताला समजतं. आजवर त्यानं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. त्याला आकडा पाहिजे असायचा.

सोळावा थावरा. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा, उकंडरावांकडं आठ वर्षं सालगडी. रामजीनं हात ठेवला. खांदा दगडासारखा आखडलेला. थावराचे डोळे खाली होते, पण पायांची बोटं पलीकडच्या लिंबाकडं वळलेली.

"लवकर मोज, रामजीभाऊ," थावरा पुटपुटला. "पुढं जा."

रामजी पुढं गेला. आता हात दुसरंच मोजायला लागला. सैल खांदा, सैल, आखडलेला, सैल, आखडलेला. उकंडरावांनी कुणाला दटावलं नव्हतं हे त्याला पक्कं माहीत होतं. दटावायची गरजच नव्हती. ते नुसते तिथं उभे होते.

शेवटी त्रेचाळीस.

मग तो लेकाच्या लिंबाखाली आला. मनात म्हणाला, इथं तरी सगळे सैल असतील. रविंद्रचा खांदा, एक. पोरांचे खांदे, ताठ आणि गरम. मग हट्ट्याचाच एक म्हातारा, रामजीच्या वयाचा. खांदा असा वाकडा, जणू हात टाळतो आहे. रामजीनं त्याच्याकडं पाहिलं.

"तुमचं पोरगं म्हणून आलो बरं का," म्हातारा हळूच म्हणाला. "तुमच्या हाताखालून पलीकडं कसं जायचं, सांगा."

म्हणजे आखडलेले खांदे इकडंही होते, आणि ते त्याच्या स्वतःच्या हातानं आखडलेले. ज्या हातानं एके काळी माणसं जवळ आणली, तोच हात आता माणसांना जागेवर दाबून धरत होता. मास्तरांना हे दिसलं नव्हतं. उकंडरावांना दिसलं नव्हतं. त्यालाही आजच दिसलं.

इकडंही त्रेचाळीस.

सगळे त्याच्याकडं बघत होते. शेवटचा खांदा त्याचा. मोठ्यानं आकडा सांगितला नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावरून लोकांना कळायला लागलं होतं. आवारात इतकी शांतता झाली, की चुलीवरचं वरण रटरटलेलं ऐकू येत होतं.

रामजी दोन्ही लिंबांच्या मधोमध उभा होता. त्यानं उकंडरावांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. लेकाकडं पाहिलं, तो आभाळाकडं बघत होता. दोघांनीही त्याला मोकळं सोडलं होतं, आणि त्याचंच ओझं जास्त होत होतं.

तो वळला आणि मास्तरांपाशी गेला.

"मास्तर, मोजणी चुकली."

मास्तरांनी कानामागं हात धरला. "काय?"

"मोजणी चुकली माझी!" तो ओरडला. सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुझी?"

"व्हय. पुन्यांदा करा. पण माझ्या हातानं नको. चिठ्ठीनं करा."

खरं सांगायचं तर त्यात त्याची स्वतःचीही सुटका होती. ते त्यानं पुढं सोजराबाईजवळ कबूल केलं. पण नुसती सुटका नव्हती.

एकच गलका झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "पोरगं पडून राहिलं म्हणून मोजणी चुकली काय?"

उकंडराव गर्रकन वळले. "कोण बोललं रे? सत्तावीस वर्षं याचा हात खांद्यावर घेतला तवा इमान दिसलं न्हाई? तो म्हणतो चुकली तर चुकली. चिठ्ठी काढा."

मास्तर बराच वेळ रामजीकडं बघत राहिले. त्यांना ऐकू कमी यायचं, दिसत चांगलं होतं. त्यांनी काठी खाली ठेवली.

"फाड रजिस्टर," ते म्हणाले.

रामजीनं स्वतःच्या अक्षरातल्या रजिस्टरची मागची कोरी पानं फाडली. सत्त्याऐंशी चिठ्ठ्या झाल्या. डोंगरकड्याची अंगणवाडीताई मिराबाई मोजायला बसली, कारण तिच्यावर दोन्हीकडच्यांचा भरवसा होता. लिहिता न येणारे बरेच, म्हणून तिनंच ठरवलं: उकंडरावांना गोल, रविंद्रला फुली. "अन् संशयाची चिठ्ठी निघाली तर दोघंही उमेदवार व्हय म्हणले तरच धरायची," ती म्हणाली. "मागून भांडायचं न्हाई." तेलाचा रिकामा डबा पुसून ठेवला. हळदीच्या थप्पीमागं एक पोतं आडवं टाकलं, त्यावर एक पेन्सिल.

एकेक जण थप्पीमागं जाऊन यायला लागला. थावरा गेला, आला. येताना त्याचे खांदे खाली पडलेले होते, भारा उतरवल्यावर पडतात तसे. रामजीनं ते पाहिलं.

सगळ्यात शेवटी रामजी. तो पोत्यापाशी बसला. हळदीच्या वासानं डोळे चुरचुरत होते. पेन्सिलीचं टोक बोथट झालेलं. त्याला बांधावरचं आठवीतलं पोरगं दिसलं, आणि टाकीवर बसलेले उकंडराव दिसले, आणि हवेत थांबलेला आपला हात. आता कुणी बघत नव्हतं. फुली केली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं. म्हणूनच त्याला ती करता येईना. कुणी बघत नसताना पाळला तोच शब्द.

त्यानं गोल काढायला घेतला. रेघ गोल फिरवली. चिठ्ठीची घडी करून तो उठला.

मिराबाईनं डबा उलटा केला. गोल, फुली, फुली, गोल. ती चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवायची आणि दोन ढिगांत ठेवायची. थावरानं फुली केली असेल, तर हट्ट्याच्या म्हाताऱ्यानं गोल केला असेल. ढीग बरोबरीनं वाढत गेले. बेचाळीस-बेचाळीस. त्रेचाळीस-बेचाळीस. त्रेचाळीस-त्रेचाळीस. एक चिठ्ठी उरली.

मिराबाईनं ती उघडली आणि थबकली.

"हे काय म्हणायचं?"

चिठ्ठीवर गोल होता, पण खालून उघडा. बैलाच्या नालेवाणी.

"हा गोल न्हाई," रविंद्रच्या बाजूचा एक पोरगा म्हणाला. "गोल काढायला लागला अन् मन बदललं. बाद करा."

"फुली तर न्हाई न्हवं?" दुसरीकडून कुणी म्हणालं.

"बाद झाली तर बरोबरी. बरोबरीत लहान वयाचा. वकीलसाहेब निवडून आले!"

मिराबाईनं हात वर केला. "ठरलं ते ठरलं. दोघांनी सांगा. धरायची का बाद?"

उकंडराव म्हणाले, "माझ्या फायद्याचं हाय, मी काय सांगू? वकील म्हणतील तसं."

रविंद्रनं चिठ्ठी हातात घेतली. फार वेळ नाही, श्वास आत घेऊन बाहेर सोडावा एवढाच वेळ. रामजी मागं जमिनीवर बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"धरा," रविंद्र म्हणाला. "गोलच हाय हा. ज्यानं काढला त्याच्या मनात गोलच व्हता."

चव्वेचाळीस-त्रेचाळीस. उकंडराव अध्यक्ष झाले. लोकांनी त्यांना उचललं, तेव्हा ते लहान लेकरासारखे रडले. "उतरवा रे," म्हणत होते, "छातीत दुखून राहिलं."

पंगती बसल्या. रविंद्रनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि बादली उचलली. नियम नियमच होता. वाढत वाढत तो रामजीपाशी आला, वाकला, आणि तोल सावरायला म्हणून बापाच्या खांद्यावर हात ठेवला. हात जरा जास्तच वेळ राहिला.

"बाबा, वरण वाढू?"

"वाढ," रामजी म्हणाला. त्याला ताट दिसत नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीत बाप-लेक शेजारी बसले. खिडकीतून हळदीची रानं मागं जात होती. हट्टा जवळ आल्यावर रविंद्र म्हणाला, "बाबा, माझी पाटी हाय का घरी अजून?"

"हाय. तुझ्या आईनं माळ्यावर ठेवली."

"उद्या काढा. एवढ्या वर्षांत तोंड मिटवायला शिकला न्हाईत."

रामजीनं वळून लेकाकडं बघितलं. मग दोघं हसले. इतके हसले, की कंडक्टरनं विचारलं, "काय बाबा, लॉटरी लागली काय?"

त्यानंतर पक्षात चिठ्ठीच सुरू झाली. रामजीला अधिवेशनात काम उरलं नाही. पुढच्या रांगेत त्याला खुर्ची मिळायची. पण जुनी माणसं भेटायला आली, की नमस्कार-जयभीम करायच्या आधी नकळत उजवा खांदा पुढं करायची. रामजीही हात ठेवायचा. आकडा मात्र म्हणत नसे.

थावरा पुढच्या सालाला उकंडरावांकडंच राहिला. शिवाय पक्षाच्या तालुका कमिटीवर आला, आणि तिथं उकंडरावांच्या विरोधात दोनदा उघड बोलला. उकंडराव लोकांना सांगत, "घरी माझी भाकर खातो अन् सभेत माझी सालटी काढतो. असा गडी मिळायला नशीब लागतं."

उकंडरावांना मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही. दर भेटीत ते विचारायचे, "रामजी, आता तरी सांगा. गोल का फुली?"

"डब्यातलं डब्यात, उकंडराव."

"तुमी फुली केली असंल. बाप हाय शेवटी."

"असंल."

सांगितलं असतं, तर उकंडरावांना सुख झालं असतं. पण मग चिठ्ठीला अर्थ राहिला नसता. आणि त्या उघड्या गोलाचा अर्थ ज्याला कळायचा होता, त्याला तो कळला होता.

शेवटच्या आजारपणात शकुबाईनं निरोप धाडला, तेव्हा रामजी डोंगरकड्याला गेला. उकंडराव खाटेवर होते, अंगात हाडं तेवढी उरलेली. रामजी शेजारी बसला. बाहेर पोरं पोळ्यासाठी बैलांची शिंगं रंगवत होती.

"विचारत न्हाई आता," उकंडराव म्हणाले. "डब्यातलं डब्यात." मग थोडं थांबून त्यांनी उजवा खांदा पांघरुणाबाहेर काढला. तेवढ्यानंच धाप लागली.

"मोज."

रामजीनं हात ठेवला. खांदा सैल होता.

"एक," तो म्हणाला.

तातेराव मास्तर २००१ च्या पावसाळ्यात गेले. उकंडराव गेले २००५ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांच्या मागं रविंद्र अध्यक्ष झाला, चिठ्ठीनं. रामजी २००८ च्या मार्चमध्ये हट्ट्याला घरीच वारला. तेव्हा शिवारात हळद शिजत होती.